आंबा बुडाला त्या वर्षी हा शेअर विकता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यात वडिलांची आंब्याची दीडशे कलमं आहेत, तुम्ही स्वतः पतसंस्थेत महिना 22 हजारांवर नोकरी करता. डोंबिवलीच्या चुलत भावाच्या सांगण्यावरून एका छोट्या कंपनीचे 3,500 शेअर 14 रुपयांना घेतलेत. चार महिन्यांत भाव 38 वर गेला आणि आता जवळजवळ रोज वरचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त वाढू शकतो ती मर्यादा, लागतंय. वडिलांची 6 लाखांची एफडी पुढच्या आठवड्यात सुटतेय, त्यातले 4 लाख याच शेअरमध्ये घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. भावाचं म्हणणं, "घाल रे, वर्षभरात शंभर होतलो." आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "फार तर 4 लाखच जातील, त्याहून जास्त तर नाही ना?"

माझ्या मते सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. हिशोबाने ते बरोबर आहे. उधारीवर घेतला नाही, तर शेअरमध्ये घातले त्याहून जास्त जात नाहीत. पण ते कधी जातील, त्या वेळी बागेत आणि घरात काय चाललेलं असेल, आणि अर्धे वाचवायचे म्हटलं तर वाचवता येतील का, हे त्या वाक्यात येत नाही.

आधी माझ्याबद्दल. रत्नागिरीत माझी सीएची प्रॅक्टिस आहे. अमुक शेअर घ्या, तमुक विका असा सल्ला देण्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, वेगळी नोंदणी लागते. ती माझ्याकडे नाही. त्यामुळे तुम्ही कंपनीचं नाव कळवलं नाहीत ते बरंच झालं. पण दरवर्षी जून-जुलैमध्ये दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या लोकांची शेअर-व्यवहारांची विवरणं माझ्या टेबलावर येतात. शेअरमधला नफा लोक शिमग्याला, गणपतीला चारचौघांत सांगतात. तोटा मला सांगतात, तोही दार लोटून घेऊन. म्हणून माझं मत जरा एका बाजूला झुकलेलं असेल, हे धरूनच वाचा.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यातल्या काही मला माहीत नाहीत. वडिलांवर सोसायटीचं पीककर्ज आहे का, घरात कोणाचं आजारपण किंवा लग्न येऊ घातलंय का, बाग तुमची एकट्याची की काकांबरोबर सामाईक, यावर उत्तर बदलेल. तुम्ही मुंबईत महिना लाखभर पगार घेणारे, एकटे, बिनकर्जाचे असतात तर मी एवढं लांबलचक लिहिलंही नसतं. 4 लाख घाला, अंगाशी आलं तर दोन वर्षांत भरून निघेल, एवढंच म्हटलं असतं. भावाला जी जोखीम झेपते तीच तुम्हाला झेपेल असं नाही, कारण तुमचं घर आधीच एका जोखमीवर उभं आहे.

हापूसची बाग हीच मुळात जोखमीची गुंतवणूक आहे. डिसेंबरात मोहोर चांगला आला म्हणून जानेवारीत खूश व्हावं तर थ्रिप्सची कीड येते, फेब्रुवारीत उन्हाचा चटका बसून फळ गळतं, मार्चात अवकाळी पाऊस. मोहोरासाठी घालायचं कल्टार, फवारण्या, राखण, मजुरी, पेट्या, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं हा सगळा खर्च आधी करायचा आणि उत्पन्न मागाहून, तेही आलं तर. यात आणखी एक जोखीम मिसळताना मी एकच बघतो: दोन्ही एकाच वेळी कोसळले तर काय?

आणि तसं होतं. आकडे बघा. निफ्टी स्मॉलकॅप 100 हा छोट्या कंपन्यांचा निर्देशांक जानेवारी 2018 मध्ये शिखरावर होता. मार्च 2020 पर्यंत तो निम्म्याहूनही बराच खाली गेला आणि जुन्या पातळीवर यायला 2021 उजाडलं. आता तीच वर्षं कोकणात आठवा. ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार वादळाचा पाऊस. 2020 चा हंगाम टाळेबंदीत. 3 जून 2020 ला निसर्ग, ज्याने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. मे 2021 मध्ये तौक्ते, तुमच्या देवगड-मालवणला ऐन आंबा उतरण्याच्या वेळी. आणि 22 जुलै 2021 ला चिपळूणचा पूर. 2020 मध्ये शेअर सर्वांत स्वस्त झालेले असताना आपल्याकडे पैशांची गरज मोठी होती. त्या काळात माझ्याकडे आलेल्या लोकांपैकी ज्यांनी तळाला विकलं, ते काही अडाणी म्हणून नव्हे. छपराचे पत्रे उडाले होते, कलमं उन्मळून पडली होती, आणि हाताशी विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ज्यांची एफडी शाबूत होती ते थांबू शकले, आणि पुढे त्यांचे तेच शेअर वर आलेही. दोघांच्या शेअर-निवडीत मला फारसा फरक दिसला नव्हता.

तो निर्देशांक तर शंभर बऱ्यापैकी नावाजलेल्या कंपन्यांचा आहे. म्युच्युअल फंडांच्या वर्गवारीत बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप आणि 251 पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. या "पुढच्या सगळ्या"त तीनशेवी कंपनीही आली आणि तीन हजारावीही. तुमची 14 रुपयांची कंपनी बहुधा शेवटाकडची असणार. स्मॉलकॅप फंडात तुमची 3 हजारांची एसआयपी चालू आहे म्हणून "मला छोट्या कंपन्यांचा अनुभव आहे" असं तुम्ही लिहिलंय, तो अनुभव इथे उपयोगाचा नाही. फंड त्या शेवटाकडे सहसा फिरकतसुद्धा नाहीत, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे तिथून बाहेर पडता येत नाही.

बाहेर पडणं हा भाग लोक सर्वांत कमी तपासतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावरच्या जमिनीचा भाव कोणीही छातीठोक सांगतो, गुंठ्याला इतके लाख. विकायला गेलात की सतरा सह्या लागतात, त्यातल्या चार जणांचा पत्ता लागत नाही, आणि गिऱ्हाईक येतं ते निम्म्या भावाचं. छोट्या शेअरचा पडद्यावर दिसणारा भाव असाच असतो. मोजकेच शेअर हातांत फिरत असतात, त्यांच्या देवघेवीतून तो ठरतो. तुमचे सगळे शेअर त्याच भावाला कोणी घेईल, अशी हमी त्यात नाही.

हे मोजता येतं. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर रोजच्या उलाढालीचे जुने आकडे असतात. गेल्या महिन्याचे बघू नका, तेव्हा बाजार तापलेला आहे. भाव हलायला लागायच्या आधीचे, सहा महिन्यांपूर्वीचे बघा. समजा तेव्हा रोज सरासरी 1,500 शेअरची देवघेव होत होती. भाव न पाडता त्यातला पाचवा हिस्सा आपण विकू शकतो असं धरलं, तर रोजचे 300. आज 38 च्या भावाने 4 लाखांत साधारण 10,500 शेअर येतील. जुने धरून 14,000. ते विकायला 47 सत्रं लागतील, म्हणजे दोन महिन्यांच्या वर. हा हिशोब मी अतिसावधपणे करतोय असं वाटत असेल, तर लक्षात घ्या की मार्च 2024 पासून मिड आणि स्मॉलकॅप फंडांनाही हाच हिशोब जाहीर करावा लागतो: पाव आणि निम्मी गुंतवणूक विकायला किती दिवस लागतील. ज्यांच्याकडे हजारो कोटी आणि अभ्यासकांची फौज आहे, त्यांनाही हे बघावं लागतं.

आता सर्किट. वरचं सर्किट ही बातमी म्हणून लोक ऐकतात, मला त्यात एक अडचण दिसते. 5 टक्क्यांचा पट्टा असेल तर एका दिवसात भाव तेवढाच वर किंवा तेवढाच खाली जाऊ शकतो. वरच्या सर्किटला खरेदीदारांची रांग असते आणि विकणारा नसतो. खालच्या सर्किटला विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा नाही. म्हणजे खाली जाताना तुमचं "स्टॉपलॉस लावून ठेवतो" (ठरावीक भावाखाली गेला की विकायची ऑर्डर) हे चुलत भावाला सांगितलेलं धोरण चालत नाही. ऑर्डर रांगेत उभी राहते, व्यवहार होत नाही, संध्याकाळी रद्द होते. 38 वरून सलग दहा खालची सर्किट लागली तर भाव 22.75 च्या आसपास येतो, वीस लागली तर 13.60 ला. वीस सत्रं म्हणजे एक महिना. चार महिन्यांत चढलेलं एका महिन्यात उतरतं आणि तुम्ही रोज सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकून नुसते बघत बसता.

याच्याच जोडीने एक खूण सांगतो, ती कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, लोकांची विवरणं बघून ध्यानात आली. वरच्या सर्किटला ऑर्डर टाकून महिनाभर शेअर मिळत नाहीत, आणि मग एके दिवशी एकदम मागाल तेवढे मिळतात. आपल्याला वाटतं नशीब उघडलं. पण आपल्याला मिळाले म्हणजे कोणीतरी विकले. इतके दिवस जो विकत नव्हता तो आज का विकतोय, हे त्या दिवशी विचारायला हवं. घाऊक खरेदीच्या तारखा आणि शिखराच्या तारखा मी अनेकदा शेजारी-शेजारी पाहिल्या आहेत. तुम्हाला 4 लाखांचे शेअर एका दिवसात सहज मिळाले, तर मला आनंद होणार नाही.

असं घडवून आणलं जातं का, तर हो. मार्च 2023 मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीच्या शेअरबद्दल अंतरिम आदेश काढला. यूट्यूबवर या कंपनीबद्दल दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती टाकल्या गेल्या होत्या, मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार वगैरे. लोक तुटून पडले, आणि चढ्या भावात प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांच्या, बाजूच्या मंडळींनी शेअर विकले. त्या आदेशातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: छोट्या भागधारकांची संख्या सुमारे 2 हजारांवरून 55 हजारांवर गेली. हा आकडा तुम्हालाही तपासता येतो. प्रत्येक तिमाहीनंतर कंपनीला शेअर कोणाकडे किती आहेत याचा तक्ता एक्स्चेंजला द्यावा लागतो, त्यात भागधारकांची संख्या असते. तुमच्या कंपनीचे गेल्या चार-पाच तिमाहींचे तक्ते शेजारी ठेवा. प्रवर्तकांचा किंवा एक टक्क्याहून जास्त शेअर धरून बसलेल्या नावांचा वाटा कमी होतोय आणि छोट्या भागधारकांची संख्या पाच-दहा पट होतेय, असं दिसलं तर शेअर कोणाकडून कोणाकडे चाललेत ते सांगायला माझी गरज नाही.

ज्या टेलिग्राम ग्रुपवरून भावाकडे ही टिप आली, त्याच्या चालकाकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. सेबीच्या संकेतस्थळावर नाव ताडून बघता येतं. "आम्ही फक्त शिक्षण देतो" असं उत्तर आलं, तर तो ग्रुप सोडा.

कंपनी खरी आहे असं धरू. मग मी काय बघतो? नफा सर्वांत शेवटी. आधी रोख. वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पत्रक असतं, त्यात धंद्यातून प्रत्यक्ष किती रोकड आली हा आकडा. तीन-चार वर्षं नफा दिसतोय आणि धंद्यातली रोकड मात्र सतत उणे, असं असेल तर माल कोणाला विकला आणि पैसे का आले नाहीत हे शोधावं लागतं. मग येणं बाकी. समजा विक्री 22 कोटींची आणि वर्षअखेरीला ग्राहकांकडून येणं 18 कोटी. म्हणजे माल विकल्यावर पैसे यायला जवळजवळ दहा महिने. वाशीच्या दलालाने तुमच्या वडिलांचे पैसे दहा महिने ठेवले, तर पुढच्या वर्षी ते त्याला पेटी पाठवतील का? वाढती विक्री आणि त्याहून वेगाने वाढणारं येणं या जोडीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण विक्रीचा आकडा कागदावर फुगवता येतो, पण बँकेत रोकड आल्याचं दाखवणं त्यामानाने फार अवघड.

बाकीचं भराभर सांगतो. लेखापरीक्षकाने मुदत संपण्याआधी राजीनामा दिलाय का, आणि पत्रात कारण काय लिहिलंय. प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का. प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी व्यवहार किती. प्रेफरेन्शियल वॉरंट, म्हणजे निवडक लोकांना ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, दिलेत का, कुठल्या भावाने: वॉरंट घेणारा आधी फक्त 25 टक्के भरतो आणि उरलेले 18 महिन्यांत, त्यामुळे 12 रुपयांची वॉरंट घेतलेल्याला भाव 38 करण्यात किती रस असेल ते ओळखा. हल्लीच नाव बदलून नावात "ग्रीन" किंवा "टेक" आलंय का. आणि शेअर एक्स्चेंजच्या ईएसएम, जीएसएम किंवा एएसएम यादीत आहे का. या देखरेखीच्या याद्या आहेत. ईएसएम तर खास लहान बाजारमूल्याच्या कंपन्यांसाठी 2023 मध्ये आली. त्यात गेलेल्या शेअरला पूर्ण पैसे आधी भरावे लागतात, पट्टा 5 किंवा 2 टक्क्यांवर येतो, पुढच्या पायरीवर नेहमीसारखे सलग सौदेही होत नाहीत. यादीत असणं म्हणजे कंपनी खोटी असा अर्थ होत नाही. पण बाहेर पडायचं दार आणखी अरुंद झालं, हे नक्की.

छोट्या कंपन्यांच्या मी विरोधात आहे असा ग्रह होऊ नये, म्हणून एक उलट उदाहरण. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत रसायन कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे विवरणपत्र भरतात. त्यांनी आपल्याच क्षेत्रातल्या एका छोट्या कंपनीचे शेअर पडेल भावात घेतले. ती कंपनी कुठलं रसायन बनवते, कच्चा माल कुठून येतो, ग्राहक कोण, हे त्यांना कामातून माहीत होतं. कच्च्या मालाची टंचाई त्यांना बातमीच्या आधी जाणवली आणि त्यांनी विकून टाकलं. रक्कम बेताची होती. यात त्यांनी जोखीम घेतली नाही असं नाही, पण कशावर घेतली ते त्यांना सांगता येत होतं. तुम्हाला मी इतकंच विचारेन: तुमची कंपनी पैसे कशातून मिळवते, हे वडिलांना समजेल अशा तीन वाक्यांत सांगता येईल का? तुमच्या प्रश्नात चुलत भावाचा, सर्किटचा, शंभरच्या लक्ष्याचा उल्लेख आहे, कंपनी काय करते याचा नाही.

एसएमई आयपीओंबद्दलही, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या पहिल्या शेअरविक्रीबद्दलही, तुम्ही ओझरतं विचारलंय. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीतल्या दोन दुचाकी शोरूम चालवणाऱ्या एका कंपनीच्या सुमारे 12 कोटींच्या इश्यूला 4,700 कोटींहून जास्त रकमेचे अर्ज आले, आणि शेअर सूचीबद्ध झाला तो विक्रीच्याच भावाला. त्यानंतर ट्रॅफिकसोल नावाच्या कंपनीचं सूचीबद्ध होणं रोखून सेबीने लोकांचे पैसे परत करायला लावले. तिथे शेअर लॉटमध्येच, म्हणजे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यातच, विकावे लागतात आणि एक लॉट लाखभराचा असू शकतो. तुमच्या पगारावर तिकडे बघूच नका.

आता तुमच्या हातातल्या 3,500 शेअरकडे येऊ. आज तुमचा खरेदीभाव 14 आहे आणि कागदावर 84 हजारांचा नफा आहे. भाव 38 वरून निम्मा झाला तरी तुम्ही फायद्यात. 4 लाख घातलेत की सरासरी खरेदीभाव 32 होतो. मग भाव 16 टक्के खाली आला की सगळा नफा गेला, आणि 16 टक्के म्हणजे चार खालची सर्किट. चार दिवस. चढत्या भावात भर घातल्याने पहिल्या खरेदीची सगळी सुरक्षितता निघून जाते, हे हिशोब मांडल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून नवे पैसे घालू नका, आणि असलेले विकायला काढा. वरच्या सर्किटला खरेदीदारांची रांग असते, म्हणजे विकणाऱ्यासाठी याहून सोपी वेळ नाही. 1,300 शेअर विकले की मूळ 49 हजार परत येतात. "मूळ काढून घेतलं, आता उरलेले फुकटचे" असं म्हणून पुष्कळ जण तिथे थांबतात. मला ते पटत नाही. उरलेल्या 2,200 शेअरची किंमत 83,600 रुपये आहे, तुमचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार. ते तुमचेच पैसे आहेत, बाजाराचे नाहीत. माझी ओबडधोबड मर्यादा अशी की ज्या शेअरबद्दल तीन वाक्यं सांगता येत नाहीत, त्यात साधारण एका महिन्याच्या पगाराहून जास्त अडकवू नये. म्हणजे 600 शेअर ठेवा, बाकीचे टप्प्याटप्प्याने विका. शंभर झाला तर 60 हजार मिळतील, भावाला पार्टी द्या.

कर लागेल म्हणून विकायला कचरत असाल तर तेही मनातून काढा. वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर आहे खरा, पण नव्या कररचनेत 4 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, तुमचा वार्षिक पगार 2 लाख 64 हजार, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट. करमुक्त मर्यादेतली उरलेली जागा या नफ्याला वापरता येते. दुसरं उत्पन्न नसेल तर तुम्हाला बहुधा काहीच भरावं लागणार नाही.

विवरणपत्र मात्र वेळेत भरा, आणि हे मी आंबा बागायतदारांना हटकून सांगतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे कित्येक जण विवरणपत्र भरतच नाहीत. शेअरमधला तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. आणि तोटा विकल्यावरच धरला जातो. शेअरचे व्यवहारच स्थगित झाले तर पैसेही गेले आणि तोटा दाखवायचीही सोय राहिली नाही, अशी प्रकरणं माझ्या कपाटात आहेत.

एफडीच्या 6 लाखांचं काय, हे वडिलांना विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही, कारण पैसे त्यांचे आहेत. त्यांच्याशी बोलताना शेअरपासून सुरुवात करू नका. एका हंगामाचा बागेचा सगळा खर्च किती येतो, तो आकडा आधी काढून घ्या. तेवढी रक्कम कशातही गुंतवायची नाही. ही अट मी इतकी धरून बसतो त्याला कारण आहे. हातात पैसे नसले की बागायतदार वाशीच्या दलालाकडून उचल घेतो. एकदा उचल घेतली की माल त्याच्याकडेच जाणार, भाव तो म्हणेल तो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उचल. शेअरमध्ये 4 लाख अडकून बागेसाठी दीड लाखाची उचल घ्यावी लागली, तर तुमचा तोटा शेअरमधल्या घसरणीपुरता राहत नाही. प्रत्येक पेटीमागे तो होत राहतो, आणि तो कुठल्या विवरणात दिसत नाही.

खर्चाखेरीज सहा महिन्यांचा घरखर्च आणि छपर-विहीर-आजारपणासाठी थोडं बाजूला काढलं की बहुधा दीड-दोन लाख उरतील. ते पाच-सात वर्षं लागणार नाहीत अशी खात्री असेल, तर स्मॉलकॅप फंडाऐवजी आधी निर्देशांकावर चालणाऱ्या साध्या फंडात, एकरकमी न घालता, वर्षभर थोडे थोडे घाला. एसआयपी चालू आहे ती चालू द्या.

दोन व्यवहारातल्या गोष्टी राहिल्या. भावाने "तुझं खातं मीच चालवतो" असं म्हटल्याचं तुम्ही कंसात लिहिलंय. डीमॅट खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी सख्ख्या भावालाही देऊ नका. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण व्यवहार तुमच्या पॅनवर होतात आणि उद्या चौकशी आली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आणि एफडी सुटायच्या आधी बँकेत जाऊन या. सूचना दिली नसेल तर बँका बहुतेक वेळा पूर्ण रक्कम तेवढ्याच मुदतीला पुन्हा गुंतवतात. एक सहा लाखांची पावती करण्यापेक्षा दीड-दीड लाखाच्या चार करायला सांगा, म्हणजे नोव्हेंबरात फवारणीला पैसे लागले तर एकच मोडावी लागेल. ठेव बँकेतच ठेवा. पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही तिथेच नोकरी करता तेव्हा राग मानू नका, पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. 6 लाख एकाच बँकेत ठेवायचे नसतील, तर लाखभराहून थोडे जास्त दुसऱ्या बँकेत हलवा.